फीत, बिल्ला आणि काळी पेटी

दुकानाला पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. छताला लोंबकळणारे पिट्टू, म्हणजे पाठीवरच्या फौजी पिशव्या, दोरीत ओवलेल्या शिट्ट्या आणि दारातच रचलेल्या पत्र्याच्या काळ्या पेट्या दिसल्या की फौजीची पावलं आपोआप थांबतात.

ही छत्रपती संभाजीनगरची छावणी. हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेच्या, पलटणी इथं असायच्या, तशाच जालन्यात, हिंगोलीत आणि मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत. १८५७ च्या जूनमध्ये इथल्याच घोडदळानं बंड केलं होतं. बाकीच्या गावांतून लष्कर उठलं, ही छावणी राहिली.

कपडा, बूट सरकार देतं. मग दुकान कशाला? कारण रजा संपायला दोन दिवस उरले की बेल्टचं बकल तुटतं आणि नेमप्लेटची पिन हरवते.

नेमप्लेट कशी होते ते जवळून बघा. प्लास्टिकची पट्टी वरून काळी, आतून पांढरी. दुकानदार पितळी अक्षराच्या खाचेतून काटा फिरवतो आणि यंत्राच्या दुसऱ्या टोकाची सुई तेच अक्षर बारीक करून पट्टीवर कोरते. काळा थर निघतो, आडनाव पांढरं उमटतं. ते उजव्या छातीवर लावायचं. डावी बाजू पदकांच्या फितींची. नऊ वर्षांच्या सेवेची फीत, वीस वर्षांची, उंच बर्फाळ भागातल्या नेमणुकीची. कोणती आधी, कोणती नंतर, हे ठरलेलं असतं; चुकलं की परेडवर बोलणी ठरलेली. परमवीर चक्राची फीत मात्र साधी जांभळी. तिच्यावर एकही रेघ नाही.

तेवढ्यात कॉलेजचा एक पोरगा येतो. त्याला नवी आर्मी पँट पाहिजे, बुलेटवर घालायला.

“ती इथं भेटत नसते, भाऊ. आणि बाकीचं पाहिजे तर कार्ड दाखवा.”

नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ ला, सेना दिनी, पहिल्यांदा लोकांसमोर आला. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेच्या मदतीनं केलेला, सत्तर टक्के सुती, तीस टक्के पॉलिस्टर. त्या नक्षीची नोंदणी लष्कराच्या नावावर आहे, त्यामुळं परवानगीशिवाय ते कापड बाजारात विकता येत नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावरचे हल्लेखोर लष्करी वेशात आले होते. त्यानंतर लष्करानं दुकानदारांना तसे कपडे विकू नका असं आवाहन केलं. सैनिक असल्याचं भासवायला तो वेश घातला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्याकडं वरातीत नाचणाऱ्याच्या अंगावरही मिलिट्री छापाची पँट असते. त्याचा हेतू फसवायचा नसतो, हे खरं. पण गेटवरच्या पहारेकऱ्याला हेतू लांबून दिसत नाही.

पोरगा हिरमुसून जातो.

दारात केजकडचा एक अग्निवीर वडिलांबरोबर उभा आहे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळून आलेला, पण पेटी उचलताना दम लागलेला. कुलूप, मग, पॉलिशची डबी, सगळं आत गेलं. पेंटरनं झाकणावर पांढऱ्या रंगात नाव लिहिलं.

“फौजेतला नंबर?”

“अजून भेटला नाही.”

“मग खाली जागा सोडतो.”

वडील बोट लावून बघतात. रंग ओला आहे आणि बस चारची.