गड्या, ज्यासाठी आलास ते कर

[दृश्य: पहाट. जैतुनाची खोडे, अगदी जवळून.]

यरुशलेमच्या पूर्वेस किद्रोनचा ओढा ओलांडला की जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी ही गेथशेमानेची बाग लागते. येशूला येथेच पकडले, असे शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधील येशूची चरित्रे, सांगतात. पिळवटलेल्या, आतून पोकळ झालेल्या या आठ जुन्या झाडांच्या कडांना अजून पालवी फुटते. २०१२ साली इटलीच्या शास्त्रज्ञांनी त्यांपैकी तीन झाडांच्या खोडांचे वय सांगितले, तेव्हा ती १०९२ ते ११९८ या काळातील निघाली; म्हणजे याच खोडांनी येशूला पाहिले, ही यात्रेकरूंची आवडती समजूत टिकत नाही. मात्र आठही झाडांची जनुकीय ठेवण एकच आढळली, अर्थात ती एकाच मूळ झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेली आहेत.

[दृश्य: दगडी घाणा.]

गेथशेमाने या नावाचा अर्थच तेलाचा घाणा. जैतुनाची फळे दगडी चाकाखाली भरडायची, तो लगदा विणलेल्या चपट्या टोपल्यांत भरून टोपल्या एकावर एक रचायच्या, वरून लाकडी तुळई ठेवायची आणि तुळईच्या टोकाला जड धोंडे टांगायचे. मग कुठे तेल पाझरू लागते. अटकेपूर्वी प्रार्थना करताना येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असे शुभवर्तमानकार लूक लिहितो.

[दृश्य: अंधार, मशालींचा उजेड.]

योहानाने आपल्या शुभवर्तमानात एक तपशील सहज सांगितला आहे, आणि आमच्या मते अटकेच्या संपूर्ण घटनेचे मर्म त्यात आहे: येशूला पकडून देणारा त्याचाच शिष्य यहूदा इस्कर्योत, त्याला ही जागा ठाऊक होती, कारण येशू आपल्या शिष्यांसह वारंवार येथे येत असे. परक्याला ही बाग सापडली नसती. पकडायला आलेल्यांना येशू ओळखता यावा म्हणून यहूदाचे चुंबन ही खूण ठरली. ते ठरवताना मत्तय आणि मार्क यांनी वापरलेले ग्रीक क्रियापद साधे आहे, पण प्रत्यक्ष चुंबनाच्या वेळी त्यांनी त्याहून उत्कट क्रियापद योजले आहे. त्यावर मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशू म्हणतो, "गड्या, ज्यासाठी आलास ते कर." येथील मूळ शब्द जिवलग मित्राचा नव्हे, सोबत्याचा आहे, मत्तयाच्या ग्रंथात तो तीन वेळा येतो, आणि तिन्ही वेळा चुकलेल्या माणसाला उद्देशून येतो. तरीही तो शत्रूसाठीचा शब्द नाही.

[दृश्य: पाण्याचे पात्र, पंचा.]

त्याच संध्याकाळी गुरूने शिष्यांचे पाय धुतले होते, आणि योहानाच्या क्रमानुसार तेव्हा यहूदा तेथेच होता. त्याच्या मनात काय आहे हे येशूला माहीत असूनही त्याच्या पायांवरही पाणी पडले. "मी तुम्हांला मित्र म्हटले आहे" हे शब्द पुढचे आहेत. तोवर यहूदा येशूने जेवताना दिलेला घास घेऊन बाहेर पडला होता, आणि बाहेर रात्र होती. ख्रिस्ती श्रद्धेतील देवाची प्रीती समजून घेताना उपदेशक बहुधा त्या शब्दांपासून सुरुवात करतात. आम्हाला पाण्याच्या त्या पात्रापासून सुरुवात करावीशी वाटते.

पुढे यहूदाने या कामासाठी मिळालेली चांदीची तीस नाणी मंदिरात फेकली, गळफास घेतला, आणि याजकांनी त्या पैशांतून कुंभाराचे शेत विकत घेतले.

[दृश्य: गालील समुद्र, काळ्या बेसाल्टचे लहान ख्रिस्तमंदिर, किनारा.]

विश्वासघात एकट्याचाच नव्हता. प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभ्या असलेल्या पेत्र या शिष्याने तीन वेळा येशूची ओळख नाकारली. नव्या करारात त्या विस्तवासाठी आलेला ग्रीक शब्द आणखी एकदाच आढळतो: पुनरुत्थानानंतर गालीलच्या किनाऱ्यावर, मासे आणि भाकर ठेवलेल्या कोळशांच्या विस्तवापाशी. तेथे येशू पेत्राला तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" पहिल्या दोन प्रश्नांतील मूळ ग्रीक क्रियापद तिसऱ्यात बदलते, त्या बदलात अर्थ आहे की केवळ शैली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, एवढे मात्र योहान नोंदवतो. नाकारल्याचा उल्लेख येशू करत नाही. तो पेत्रावर काम सोपवतो, "माझी मेंढरे चार."

[दृश्य: निखारे. निवेदन नाही.]