डबल मार्कर, एनटी, एनआयपीटी : रक्त देण्याआधी काय ठरवायचं

[कॅमेऱ्यासमोर डबल मार्करचा नमुना रिपोर्ट, खालचा भाग जवळून]

नमस्कार. हा डबल मार्करचा रिपोर्ट, म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असणं) असण्याची शक्यता सांगणाऱ्या गरोदरपणातल्या रक्त तपासणीचा. व्हिडिओसाठी तयार केलेला नमुना आहे, कुणाचा खरा नाही. खाली लाल पट्टीत 'हाय रिस्क' लिहिलंय आणि शेजारी आकडा आहे, १:१८०. घरोघरी लाल पट्टी वाचली जाते, आकड्याकडे कुणी बघत नाही. आपण आकडा वाचू. हाच निकाल आलेल्या १८० बायका एका हॉलमध्ये बसवल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. अर्धा टक्का, जरा वर. बऱ्याच लॅब १:२५० ला रेघ मारतात. त्याच्या अलीकडे आलात की पट्टी लाल, पलीकडे गेलात की हिरवी. १:२४० आणि १:२६० यांत बाळाच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही, रंगात मात्र आहे.

अशा रिपोर्टनंतर जी रडारड होते, तिचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. रक्त देताना 'रुटीन आहे' एवढंच सांगितलेलं असतं. रिपोर्ट असा आला तर पुढे सुई घालून तपासणी करायची का, हे नवरा-बायकोत बोललेलंच नसतं. म्हणून आजचा व्हिडिओ रक्त देण्याआधीचा आहे.

सुरुवात पहिल्या सोनोग्राफीपासून, कारण ती वेगळ्या कामाची आहे. सहा ते आठ आठवड्यांत होणारी सोनोग्राफी बाळात दोष आहे का हे बघत नाही. गर्भ गर्भाशयातच आहे ना, की नळीत? एक आहे की जुळं? ठोके आहेत का? दिवस नक्की किती? एवढंच तिचं काम. आमच्या मते ही टाळू नये, आणि पाळी अनियमित असेल तर मुळीच नाही. पुढच्या सगळ्या तपासण्यांचं गणित याच तारखेवर उभं राहतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे घाई. टेस्ट पॉझिटिव्ह आली की दुसऱ्याच दिवशी, पाचव्या आठवड्यात, सोनोग्राफी. तेव्हा नुसती गर्भाची पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत आणि घरात सुतक पडतं. नियम काय आहे तो ऐका. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा गर्भाची पिशवी सरासरी २५ मिलिमीटर किंवा मोठी असून आत गर्भच नाही, तरच गर्भ वाढत नसल्याचं म्हणता येतं. त्याच्या आत असेल तर एक-दोन आठवडे थांबून पुन्हा बघायचं. २० मिलिमीटरच्या रिकाम्या पिशवीवर कुणी लगेच 'साफ करून घ्या' म्हटलं, तर शांतपणे दुसरी सोनोग्राफी मागा. मात्र ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, रक्त जातंय, चक्कर येतेय, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. ते नळीतल्या गर्भाचं लक्षण असू शकतं.

आणि हो, या दिवसांत सोनोग्राफी बरेचदा खालून करतात. त्याने गर्भाला इजा होत नाही, उलट चित्र स्पष्ट येतं. त्यासाठी लघवी साठवून बसायची गरज नाही.

आता एनटी स्कॅन. वेळ ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस, आणि बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर. दोन्ही अटी लागतात. बरोबर ११ आठवड्यांना गेलात तर बाळ ४२ मिलिमीटर भरतं आणि परत पाठवतात. शेवटच्या दिवशी गेलात आणि बाळ उताणं-पालथं होत राहिलं तर पुन्हा यायला दिवसच उरत नाही. बाराव्या आठवड्यातली तारीख घ्या.

[स्क्रीनवर बाळाच्या बाजूने दिसणारं रेखाचित्र]

एनटी म्हणजे मानेच्या मागे कातडीखाली साठलेल्या पाण्याची जाडी. इथे ही काळी पट्टी दिसतेय ना, ती. सगळ्याच बाळांना असते. मोजताना पडद्यावर फक्त डोकं आणि छातीचा वरचा भाग भरेल इतकं चित्र मोठं करावं लागतं, बाळ बरोबर बाजूने दिसावं लागतं आणि मान सरळ असावी लागते. मान मागे टाकलेली असेल तर माप वाढतं, हनुवटी छातीला टेकली असेल तर कमी येतं. मोजपट्टीचं टोक पांढऱ्या रेघेच्या आतल्या कडेला लागायला हवं. इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा हिशेब आहे. त्यामुळे डॉक्टर पंधरा-वीस मिनिटं घेत असतील, 'जरा फिरून या, गोड खाऊन या' म्हणत असतील, तर वैतागू नका. दोन मिनिटांत उरकलेला एनटी स्कॅन जास्त काळजीचा.

या स्कॅनमध्ये डाऊन सिंड्रोमशी संबंध नसलेलंही बरंच कळतं. कवटी तयार झाली आहे का, पोटाची भिंत मिटली आहे का. जुळं असेल तर दोघांची वार एक आहे की वेगळी, हे याच दिवसांत सगळ्यात नीट दिसतं, आणि पुढची सगळी देखरेख त्यावर ठरते. गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) आणि तुमचा रक्तदाब मिळून पुढे बीपी वाढण्याचा धोका काढता येतो. तो जास्त निघाला तर रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन देतात. ते सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि डॉक्टरांनीच सुरू करायचं असतं.

म्हणून डाऊनची चाचणी नको म्हणणाऱ्यांनीही या स्कॅनचा विचार करावा. फक्त आत जाण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. एकदा ३.८ मिलिमीटर, म्हणजे जास्त, हा आकडा कानावर पडला की तो न ऐकल्यासारखा करता येत नाही.

[लॅबचा फॉर्म]

डबल मार्कर म्हणजे तुमच्या रक्तातले दोन पदार्थ, फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए. रक्ताइतकाच महत्त्वाचा हा फॉर्म, आणि तो आपण काउंटरवर उभ्याउभ्या भरतो. जन्मतारीख : आधारवर शाळेच्या प्रवेशासाठी टाकलेली असेल तर खरी सांगा, कारण वयाने आकडा हलतो. वीस वर्षांच्या आईला डाऊनची शक्यता साधारण १५०० त एक, पस्तिशीला ३५० त एक, चाळिशीला १०० त एक. वजन : त्या दिवशीचं, काट्यावर केलेलं. वजन जास्त असलं की रक्तातले पदार्थ पातळ होतात आणि सॉफ्टवेअर तेवढी दुरुस्ती करतं, अंदाजाने दहा किलो कमी सांगितलेत तर दुरुस्ती चुकते. मधुमेह, तंबाखू, जुळं, आयव्हीएफ, सगळं लिहा. दात्या स्त्रीचं बीज असेल तर वय तिचं धरतात, तुमचं नाही. ही गोष्ट सासरी माहीत नसते म्हणून फॉर्मवर लपवली जाते आणि रिपोर्ट विनाकारण लाल येतो. सांगायचं डॉक्टरांना एकट्यात, पण सांगायचं.

आणि दिवस? पाळीच्या तारखेवरून नाही, सोनोग्राफीच्या मापावरून. रिपोर्ट लाल आला की पहिल्यांदा हा फॉर्म पुन्हा तपासा. चूक सापडली तर लॅब त्याच रक्तावर गणित नव्याने करून देऊ शकते.

आता ही चाळणी किती बारीक आहे? दहा हजार गरोदर बायका घ्या. समजा १५ जणींच्या बाळांना डाऊन आहे. एनटी आणि डबल मार्कर मिळून त्यांतले साधारण १३ पकडतात, दोन निसटतात. आणि बाळ ठीक असूनही सुमारे ५०० जणींना 'हाय रिस्क' सांगितलं जातं. म्हणजे लाल पट्टी मिळालेल्या चाळिसांत एकीच्याच बाळाला डाऊन. आणि निसटलेल्या त्या दोघी हिरव्या पट्टीत आहेत. त्यांच्या हातातल्या कागदावर 'लो रिस्क' लिहिलंय, आणि 'लो' म्हणजे शून्य नव्हे.

एनआयपीटीची जाळी बरीच बारीक. दहाव्या आठवड्यापासून तुमच्याच रक्तातल्या डीएनएवरून होते. त्याच दहा हजारांत पंधराच्या पंधरा जवळपास सापडतात आणि खोटी घंटा दहाएक जणींसाठी वाजते. किंमत डबल मार्करच्या कितीतरी पट. पण ही सुद्धा चाळणीच, पक्कं निदान नव्हे. तपासला जाणारा डीएनए वारेतून येतो, थेट बाळातून नाही, आणि क्वचित वारेत एक असतं, बाळात दुसरंच. केवळ एनआयपीटीच्या रिपोर्टवर गर्भपात करायचा नाही, हे फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे. बाळाच्या बाजूचा डीएनए चार टक्क्यांच्या आसपास तरी लागतो. आईचं वजन जास्त असेल किंवा रक्त लवकर घेतलं तर तो कमी पडतो आणि रिपोर्टच येत नाही. पॅकेजमध्ये 'मायक्रोडिलिशन' (गुणसूत्राचा छोटा तुकडा नसणं) वगैरे जोडून महाग विकतात. त्या भागाचा भरवसा डाऊनच्या भागाइतका नाही, उगीच पैसे घालू नका.

आणि एनटी ३.५ च्या वर असेल तर एनआयपीटीवर वेळ न घालवता थेट निदानाच्या तपासणीचं बोला. जाड एनटीमागे डाऊनखेरीज इतर गुणसूत्रांचे किंवा हृदयाचे दोष असू शकतात, आणि त्यांतले बरेच एनआयपीटीच्या जाळीत येत नाहीत.

निदानाच्या तपासण्या दोनच. सीव्हीएस, म्हणजे वारेचा छोटा तुकडा, अकराव्या आठवड्यानंतर. किंवा गर्भजल, पंधराव्यानंतर. सोनोग्राफीत बघत पोटातून बारीक सुई घालतात. यामुळे गर्भ पडण्याचा धोका पूर्वी शंभरात एक सांगायचे. अनुभवी हातांत तो आता दोनशेत एकापेक्षा कमी धरतात. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नका. डाऊनचं झटपट उत्तर काही दिवसांत मिळतं, पूर्ण गुणसूत्रांचं दोन-तीन आठवड्यांनी.

आता हे आठवडे कॅलेंडरवर मांडा. तेराव्याला डबल मार्कर, चौदाव्याला रिपोर्ट, सोळाव्याला गर्भजल, एकोणिसाव्याला पूर्ण रिपोर्ट. गर्भपात करायचा ठरला तर कायद्याप्रमाणे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० ते २४ आठवड्यांत, बाळात गंभीर दोष असेल तर, दोन डॉक्टरांचं मत लागतं. २४ नंतर प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जातं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. 'आधी रिपोर्ट तर येऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांचे दोन आठवडे इथेच जातात.

आणि डाऊन म्हणजे काय, हेही आधी समजून घ्या. एकविसावं गुणसूत्र दोनऐवजी तीन. शिकायला वेळ लागतो, कुणाला थोडा, कुणाला बराच. जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो, त्यांतले बरेच शस्त्रक्रियेने सुधारतात. चांगली काळजी मिळालेली माणसं साठीपर्यंत जगतात. कुणाला किती त्रास होईल हे कुठलीही चाचणी सांगत नाही. हे ऐकून काही जोडपी म्हणतात, आम्हाला चाचणीच नको. तेही पूर्ण उत्तर आहे, डॉक्टरांनी फाईलवर तसं लिहून पुढे जावं. काही म्हणतात, गर्भपात करणार नाही, पण आधी कळलं तर तयारी करू. त्यांना एनआयपीटी सोयीची, सुई टाळता येते. अठरा ते वीस आठवड्यांची अॅनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव नीट बघणारी सोनोग्राफी) मात्र वेगळा निर्णय आहे. चाचणी नाकारली म्हणून ती आपोआप रद्द होत नाही.

एक तपासणी मात्र आम्ही डबल मार्करच्याही आधी ठेवू : थॅलेसेमिया आणि सिकल सेल, हे आई-बापाकडून येणारे रक्ताचे आजार. साधी, स्वस्त, आणि नेमकी हीच राहते. सीबीसीत, म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीत, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८० च्या खाली असेल तर 'रक्त कमी आहे, लोह घ्या' एवढ्यावर थांबू नका, एचपीएलसी करा, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजतात. त्यातला एचबी-ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर आला तर तुम्ही थॅलेसेमियाच्या वाहक (स्वतःला आजार नाही, पण बाळाकडे जाऊ शकतो) असण्याची शक्यता मोठी. मग त्याच आठवड्यात नवऱ्याचं रक्त. दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि अकराव्या आठवड्यानंतर सीव्हीएसने ते कळू शकतं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी घरांत थॅलेसेमिया जास्त. विदर्भात आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागांत सिकल सेल. नात्यात लग्न झालं असेल तर ही चाचणी सोडूच नका.

आता स्कॅनच्या दिवसाचं. डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, आधीचे सगळे रिपोर्ट. 'फॉर्म एफ' भरावा लागतो. त्यात आधीच्या मुला-मुलींची नोंद विचारतात आणि बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही अशा मजकुरावर तुमची सही घेतात. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला हा फॉर्म असतो, तुमच्यावर कुणाचा संशय आहे असं नाही. लिंग विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा. आपल्याकडे एनआयपीटीच्या रिपोर्टमध्येही ते देत नाहीत. परदेशातल्या बहिणीला तिथल्या रिपोर्टमध्ये कळलं म्हणून इथल्या लॅबशी वाद घालू नका.

शेवटचं, अगदी साधं. रक्त सोमवारी-मंगळवारी द्या. शुक्रवारी संध्याकाळी लाल पट्टीची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर येते, डॉक्टरांचा दवाखाना सोमवारपर्यंत बंद असतो आणि मधले दोन दिवस गूगल करण्यात जातात. लॅबला सांगा, रिपोर्ट आधी डॉक्टरांना पाठवा. आणि रक्त देतानाच डॉक्टरांची त्या आठवड्यातली वेळ घेऊन ठेवा.