वेढा पडला तरी जागा सोडायची नाही

मार्च 1942, दुसरं महायुद्ध. ब्रह्मदेशाची राजधानी रंगून जपान्यांच्या हाती पडली. ब्रिटिश-भारतीय फौज ब्रह्मदेशातून मागे हटतेय. सुमारे दीड हजार किलोमीटर, थेट भारताच्या सरहद्दीपर्यंत.

आपली फौज मोटारींवर विसंबलेली, म्हणून रस्त्याला जखडलेली. जपानी मात्र रस्ता सोडून जंगलात शिरायचे, वळसा घालून पिछाडीला निघायचे आणि वाट अडवून बसायचे. परतीचा रस्ता बंद झाला, की आपली माघार. पुन्हा वळसा, पुन्हा माघार. जवान कमी पडले नव्हते. त्यांना या लढाईचं शिक्षणच कुणी दिलं नव्हतं.

ब्रिटिश सेनानी जनरल विल्यम स्लिम यांनी ही माघार स्वतः भोगली होती. पुढे रांचीत त्यांनी आपल्या फौजेला नवा धडा घालून दिला: पिछाडीला जपानी आले, तर वेढले गेलेत ते. आपण नाही.

पण नुसत्या धड्यावर माणूस किती दिवस तग धरेल? त्याला गोळ्या हव्यात, पाणी हवं, जेवण हवं. म्हणून रसद विमानातून टाकायची, असं ठरलं.

जून 1943 मध्ये पायदळाच्या दुरवस्थेवर समिती बसली. त्यानंतर 14वी आणि 39वी अशा दोन डिव्हिजन, म्हणजे फौजेच्या दोन मोठ्या तुकड्या, फक्त शिकवण्याच्या कामाला लावल्या. चौदावीचा तळ होता आपल्या नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाड्यात. नव्या रंगरूटांना तिथे दोन महिने जंगलात राहायचं, गस्त घालायची, अंधारात आवाज न करता चालायचं. जंगलाची भीती जाईपर्यंत.

फेब्रुवारी 1944, ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आराकान. जपान्यांनी पुन्हा वळसा घातला. या वेळी कुणी हललं नाही. सिंझवेयाच्या तळावर कारकुनांनी, खेचरवाल्यांनीही रायफली उचलल्या. वरून रसद उतरत राहिली. आपल्या गोदामांवर डोळा ठेवून आलेले जपानीच उपाशी परतले.

पुढच्याच महिन्यात, मणिपुरात सांगशाकच्या टेकडीवर, 50व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत (छत्रीधारी सैनिकांची तुकडी) चौथी मराठा पलटण होती. इथे पाणी नव्हतं. मोर्चाची जागा इतकी लहान, की विमानातून टाकलेली बरीचशी रसद शत्रूच्या हाती पडायची. तरी 22 मार्चपासून ते तिथे लढत राहिले. 26 मार्चच्या रात्री हुकूम आला, तेव्हाच त्यांनी टेकडी सोडली. कोहिमाकडे निघालेले जपानी तेवढे दिवस तिथेच अडकून पडले होते.