सेकंदाचा दहा हजारावा भाग

(दृश्य: तळहातावर स्टीलचे दोन छोटे दंडगोल.)

हे दोन तुकडे एकाच कांबीतून कापले आहेत. ग्रेड ३०४. त्यात १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि बाकी बहुतेक लोखंड. प्रत्येकाची उंची ५ मिलिमीटर. दोन्ही तुकडे आपण सारखेच चेपणार आहोत, पाचवरून साडेतीन मिलिमीटरपर्यंत. पहिल्याला वेळ देऊ पाच मिनिटांचा. दुसऱ्याला सेकंदाचा दहा हजारावा भाग.

पाच मिनिटांचं काम सोपं आहे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये ज्याला सगळे यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) म्हणतात, ते यंत्र ते सहज करतं. जबडा सावकाश खाली येतो, तुकडा दबतो आणि दबता दबता आणखी कडक होत जातो. ३०४ ची खरी खुबी इथेच आहे. त्याच्या मूळ रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात. या रचनेतले अणू चेपले गेले, ताणले गेले, की काही ठिकाणी जागा बदलून नव्या रचनेत बसतात. ही नवी रचना म्हणजे मार्टेन्साइट. ती कितीतरी कठीण असते. जिथे धातू जास्त ताणला जातो तिथेच ती उगवते, म्हणजे कमकुवत पडू पाहणाऱ्या जागेची डागडुजी धातू स्वतःच करतो. ३०४ चा पत्रा तुटण्याआधी ४० टक्क्यांहून जास्त लांबतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं सिंक, हातात लोहचुंबक.)

हे घरीही पाहता येतं. ऑस्टेनाइट चुंबकाला दाद देत नाही, मार्टेन्साइट देतं. ३०४ च्या सिंकच्या सपाट तळावर चुंबक घसरून पडतो. कोपऱ्यात मात्र हलकासा धरतो, कारण सिंक दाबून घडवताना पत्रा तिथे सर्वात जास्त ताणला गेलेला असतो. चुंबक चिकटला म्हणजे स्टील बनावट, असं दुकानात ठासून सांगणाऱ्यांनी हा कोपरा एकदा तपासावा.

आता दुसरा तुकडा.

(दृश्य: एका रेषेत मांडलेल्या लांब पोलादी कांबी, मधोमध चिमटीएवढा नमुना.)

एवढ्या वेगानं यूटीएम चालत नाही. त्यासाठी ही मांडणी, हॉपकिन्सन बार. केंब्रिजचे बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी १९१४ साली स्फोटाचा आणि गोळीचा दाब मोजायला एक लांब कांब वापरली. कल्पना अशी, की आघाताची लाट कांबीतून धावते आणि तिच्यावरून आघाताचा हिशेब मांडता येतो. १९४९ साली हर्बर्ट कोल्स्की यांनी कांबीचे दोन भाग केले आणि मधे नमुना ठेवला. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत हीच युक्ती चालते. गॅसच्या दाबानं एक छोटी कांब सोडायची, ती पहिल्या लांब कांबीवर आदळते. पोलादात लाट सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर धावते. धडकणारी कांब ३० सेंटिमीटरची असेल, तर धक्का टिकतो १२० मायक्रोसेकंद. तेवढ्यात सगळं उरकतं. कांबीवर चिकटवलेल्या स्ट्रेन गेज, म्हणजे लांबीतला सूक्ष्म बदल टिपणाऱ्या पट्ट्या, लाटांची नोंद करतात. नमुन्याला किती ताण बसला, तो किती दबला, हे त्या नोंदीवरून काढतात.

निकाल पहिल्यांदा पाहताना गोंधळायला होतं. सुरुवातीला वेगानं चेपलेला तुकडा जास्त दणकट निघतो, त्याला वाकवायलाच जास्त जोर लागतो. पण पुढे त्याचं कडक होणं मंदावतं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या सिगफ्रीड हेकर आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ३०४ वरचे असे प्रयोग प्रसिद्ध केले. मार्टेन्साइट किती झालं, हे त्यांनी चुंबकत्वावरूनच मोजलं. साधारण २५ टक्के विकृतीपर्यंत, म्हणजे आकार तेवढा बदलेपर्यंत, वेगानं ताणलेल्या स्टीलमध्ये मार्टेन्साइट उलट जास्त होतं. त्यानंतर मात्र संथ नमुना पुढे गेला.

असं का झालं? उष्णतेमुळे.

धातू वाकवायला खर्चलेल्या कामापैकी बहुतेक, ढोबळ हिशेबात नव्वद टक्के, उष्णता होऊन बाहेर पडतं. आपल्या तुकड्यात त्यानं तापमान चढतं सुमारे ५० अंश. पाच मिनिटांत ही उष्णता साडेतीन सेंटिमीटर दूर जाऊ शकते, म्हणजे तुकड्यातून निघून यंत्राच्या जबड्यात. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात तिला मिळतात २० मायक्रोमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. त्यात ३०४ उष्णता वाहून नेण्यात मुळातच मठ्ठ, साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणूनच तर पातेल्यांना खालून तांबं लावतात. उष्णता आतच अडकते आणि गरम ऑस्टेनाइट मार्टेन्साइट व्हायला नकार देतं. धातूची डागडुजी थांबते.

संगणकावर धडकेचं गणित करणारे बहुतेक जण धातूची ताकद काढायला १९८३ चं जॉन्सन-कुक सूत्र वापरतात. त्यात तीन कंस आहेत: विकृतीचा, वेगाचा आणि तापमानाचा. रचना बदलण्याला त्यात जागाच नाही. सूत्र सुटसुटीत आहे, प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतं, म्हणून चालतं. ३०४ साठी ते डोळे मिटून वापरू नये, असं आमचं मत.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेला पृष्ठभाग.)

तुटण्याच्याही तऱ्हा आहेत. ताणून तुटलेल्या ३०४ च्या पृष्ठभागावर खळगेच खळगे दिसतात. आधी बारीक पोकळ्या पडतात, त्या वाढतात, एकमेकींना भेटतात. ही चिवट तुटण्याची खूण. वेगातही ३०४ बहुधा असंच तुटतं, काचेसारखं तडकत नाही. पण टोपीच्या आकाराचा नमुना घेऊन एका अरुंद पट्टीतच घसरण घडवून आणली, तर दृश्य बदलतं. पट्टी तापते, तापल्यानं मऊ होते, मऊ झाल्यानं सगळी घसरण तिच्यातच एकवटते आणि ती आणखी तापते. काही मायक्रोमीटर रुंदीच्या त्या पट्ट्यात धातूचे कण चिरडून एका मायक्रोमीटरहूनही बारीक होतात. मग भेग याच पट्ट्यावरून धावते. शेजारचा धातू जवळपास जसाच्या तसा.

स्फोटाच्या धक्क्यात तर मार बसलेली बाजू शाबूत राहून मागची बाजू उडू शकते. दाबाची लाट मागच्या पृष्ठभागावरून ताणाची होऊन परतते आणि धातूला आतून सोलते.

(दृश्य: यार्डात उभे एलएचबी डबे.)

आपल्या रेल्वेच्या एलएचबी (लिंके-हॉफमन-बुश या जर्मन कंपनीच्या रचनेच्या) डब्यांचं कवच स्टेनलेस स्टीलचं आहे. धडकेत पत्रा चुरगळतो त्याचा वेग आपल्या दोन तुकड्यांच्या मधला, पण पाच मिनिटांच्या चाचणीपासून फार दूरचा. आणि पत्र्याच्या मालासोबत कारखान्यातून जी टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) येते, तिच्यावरचे ताकदीचे आणि लांबण्याचे आकडे असतात ते सावकाश ओढून पाहिलेल्या नमुन्याचे. वेगातला आलेख हवा असेल तर नमुने कापून घ्यावे लागतात आणि हॉपकिन्सन बार असलेली प्रयोगशाळा शोधावी लागते.