मोर्च्यातलं गाणं मागे का पडतं?

नमस्कार मंडळी. ठाण्यात तलावपाळीहून कोर्ट नाक्याकडे शांतता फेरी निघते. पुढची रांग गाण्याच्या दुसऱ्या ओळीवर, मागची अजून पहिलीतच. मग मागच्यांना म्हणतात, ‘तालात गा!’ पण ते तालातच असतात.

आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. फेरी 100 मीटर लांब असली, तर पुढच्या डफाची थाप शेवटच्या माणसापर्यंत पोचायला जवळपास 0.3 सेकंद लागतात. मिनिटाला 100 मात्रांची लय धरा: एक मात्रा 0.6 सेकंदांची. म्हणजे मागचा माणूस अर्धी मात्रा उशिरा ऐकतो. त्याचं ऐकून मधले थबकतात, लय ओढली जाते, गाणं सुटतं आणि घोषणा सुरू होतात. घोषणा चढली की माणसं तापतात. शांततेच्या फेरीत हे होऊ देऊ नका.

डफ मधोमध ठेवा. सगळ्यात लांबचा माणूस आता 50 मीटरवर आला. शिवाय दर पंधरा-वीस मीटरवर एक झीलकरी, म्हणजे मागून ओळ उचलणारा साथीदार, उभा करा. त्यानं कानावर विसंबायचं नाही. डफवाल्याचा उंच हात बघायचा आणि टाळी द्यायची.

गाणं शाहिरी बांधणीचं घ्या. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही शाहिरी मैदानोमैदानी गाजली. शाहीर ओळ टाकतो, मागून झील येते. लोकांना तेवढी झीलच पाठ हवी, चार-पाच शब्दांची. छापील कागद वाटू नका, माना खाली जातात आणि आवाज छातीतच राहतो.

सूर काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. शाहिराला काळी चार सोपी जाईल, पण त्या पट्टीत वरचा षड्ज (सा) लावताना गर्दीचा गळा फाटतो. चाल षड्ज ते धैवत (सा ते ध) एवढ्यातच बसवा.

चामड्याचा डफ दमट हवेत सैल पडतो. निघण्याआधी निखाऱ्यावर लांबून शेकवा, जवळ धरलात तर चामडं तडकेल.

आणि कोर्ट नाका. न्यायालय, शाळा, रुग्णालय यांच्याभोवती किमान 100 मीटरचं शांतता क्षेत्र असू शकतं. तिथे भोंगाच काय, डफही चालत नाही. हद्द नेमकी कुठून सुरू होते, ते परवानगी घेतानाच पोलिसांना विचारा. त्या जागेच्या वीस पावलं आधी डफवाल्यानं मूठ वर करायची. चालू झील पूर्ण होऊ द्या, मग सगळे एकदम थांबा.