पाटीवरचा एक शब्द

नमस्कार श्रोतेहो.

आज आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यांच्या भांडणाविषयी बोलायचंय. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये म्हणतात. पण इथे तिसरे आपण आहोत, घर बांधणारे, आणि पैसे आपलेच जातात. तेव्हा पडलेलं बरं. मी स्वतः दोहोंपैकी कुणीच नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पण आमच्या अण्णांनी घर बांधलं तेव्हा हे भांडण माझ्या डोळ्यांसमोर, वाळूच्या ढिगावर झालं. ती गोष्ट सांगणारच आहे. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच हे भाषण घेतलं. आधी कायद्याचं थोडं उरकून घेऊ.

आर्किटेक्टांच्या देशपातळीवर दोन संस्था आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. पहिली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. ही आपल्या मुंबईची. १९१७ साली सुरू झाली, पहिले अध्यक्ष जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा ज्यांनी केला ते. आजचं नाव तिला १९२९ साली मिळालं. ही सभासदांची संस्था, मनात असेल त्याने यावं. दुसरी काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे वास्तुकला परिषद. ही कायद्याच्या पोटी जन्मली, १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टमुळे. नोंदणी तिच्याकडे, आर्किटेक्ट चुकला तर त्याची चौकशी तिच्याकडे. संस्था वेगळी, परिषद वेगळी. आपल्या भांडणात परिषद आहे.

आता त्या कायद्याचं कलम ३७. खुनाच्या जुन्या तीनशे दोनसारखं हे कुणाला पाठ नसतं, पण सगळी भांडणं इथेच. ज्याचं नाव परिषदेच्या नोंदवहीत नाही, त्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. झालं, एवढंच. त्याने घराचा नकाशा काढायचा नाही, असं हे कलम म्हणत नाही. कायदा आणताना सरकारने जे उद्देशांचं निवेदन जोडलं, त्यातही हेच आहे: इंजिनिअर आणि इतर मंडळींनी इमारतींचं आपलं काम खुशाल चालू ठेवावं, फक्त स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ नये. पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागे जाऊन वाचता येत नाही. नाव राखलंय, काम राखलेलं नाही.

आणि कलम मोडलं तर? पहिल्या खेपेला ५०० रुपयांपर्यंत दंड. १९७२ साली ५०० रुपये म्हणजे रक्कम होती. आज तेवढ्यात वाळूची पाटीसुद्धा कुणी उचलत नाही.

या कलमातून दोघांना मुद्दाम सूट आहे, बागांचे लँडस्केप आर्किटेक्ट आणि जहाजांचे नेव्हल आर्किटेक्ट. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. माझा पुतण्या बंगळुरूला आहे, कार्डावर सोल्युशन आर्किटेक्ट. घरात खिळा मारायला शेजाऱ्याला बोलावतो. असो.

तर गोष्ट. साल १९८६. आमचं तालुक्याचं गाव. अण्णा निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले, तीन गुंठ्यांचा प्लॉट होताच. गावात घर बांधायचं म्हटलं की एकच दार ठोठवायचं, साहेबांचं. एलसीई, म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंगची जुनी पदविका झालेले, नगरपालिकेचा परवाना असलेले, पांढरा बुशशर्ट, खिशात फूटपट्टी. निम्मं गाव त्यांच्या हातचं. त्यांच्या दारावर पत्र्याची पाटी होती, पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, अक्षरांना काळी सावली. नाव, आणि खाली: इंजिनिअर अँड आर्किटेक्ट.

ही पाटी आमच्या गावच्या पेंटरने रंगवलेली. पेंटर अक्षरामागे पैसे घ्यायचा आणि जोडाक्षराला जास्त. काय ते हात होते! मोकळ्या हाताने अशी सरळ ओळ मारायचा की दोरी लावून पाहावी. आता फ्लेक्स आले. रात्रीत छापून येतात, रस्त्यात आडवे होतात, आणि शुद्धलेखन तर विचारूच नका. 'हार्दिक शुभेच्छा' या दोन शब्दांत तीन चुका मी मोजल्यात. पण तो वेगळ्या भाषणाचा विषय.

अण्णांचा भाचा, म्हणजे माझा आतेभाऊ, त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. कॉलेजातून आर्किटेक्ट होऊन आला. दाढी, खांद्याला शबनम पिशवी, नोंदणी नुकतीच हातात पडलेली. म्हणाला, "मामा, घराचा प्लॅन मी करतो, मला फी नको." अण्णांना भाच्याचं मन मोडवेना आणि साहेबांना सोडवेना. त्यांनी दोघांनाही हो म्हटलं. घर बांधताना माणूस जेवढ्या चुका करतो, त्यातली ही सगळ्यात मोठी.

भाच्याने काढलेल्या नकाशात बैठकीच्या खोलीला कोपऱ्यात खिडकी होती. कोपऱ्याजवळ नाही हं, कोपऱ्यातच. दोन भिंती जिथे भेटतात तिथे भिंतच नाही, कॉलम नाही, नुसती काच. समोर डोंगर दिसावा म्हणून. साहेबांनी नकाशा हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "इथला कॉलम कुठं गेला? स्लॅब काय आभाळाला टांगायचा?"

भाचा म्हणाला, "दोन्हीकडून बीम पुढे काढायचे. कँटिलिव्हर."

साहेब म्हणाले, "ते मला कळतं रे. होईल. सळई किती जास्त लागेल ते मामांना सांगितलंस का? फंडाचे पैसे आहेत ते."

इथवर ठीक होतं. पण भाचा तेवीस वर्षांचा. त्याला वाटलं, आपल्याला मामांसमोर गप्प केलं. त्याने शबनममधून कायद्याची पुस्तिका काढली, पिवळी, कोपरे दुमडलेली, आणि वाळूच्या ढिगावर उभं राहून कलम ३७ मोठ्याने वाचलं. इंग्रजीतून. पाणी मारणारा गडी पाइप तसाच धरून ऐकत राहिला, वाळूतून ओहोळ निघाला. वाचून झाल्यावर म्हणाला, "तुमच्या पाटीवरचा शेवटचा शब्द बेकायदा आहे."

साहेब काही बोलले नाहीत. चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला, सायकलवर बसून गेले. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर साहेबांच्या दारी शिडी लावून उभा. शेवटचा शब्द पिवळ्या रंगाने बुजवला. फक्त शेवटचा शब्द. मागचा 'अँड' तसाच! पुढे आम्ही पेंटरला विचारलं, की अरे शहाण्या, 'अँड' का ठेवलास? तर म्हणतो, "साहेब म्हणाले आर्किटेक्ट पुस. अँड पुस म्हणाले नाहीत. पुसायचेही अक्षरामागेच पैसे घेतो मी."

तर पाटी राहिली: इंजिनिअर अँड. आणि पुढे मोकळी पिवळी जागा.

गावाला एवढं पुरे. आठवड्यात साहेबांचं नाव 'अँडसाहेब' पडलं. शाळेतल्या पोरांनी त्याचं काय केलं ते तुम्ही ओळखलंच असेल. माझ्याच वर्गातली पोरं! मी छड्या मारल्या, आणि मारताना मलाच हसू येत होतं.

अण्णांना फार लागलं. मला बरोबर घेऊन ते साहेबांकडे गेले. म्हणाले, "साहेब, भाच्याच्या वतीने माफी मागतो. तो 'अँड' तेवढा काढून टाका. पैसे मी देतो पेंटरला."

साहेब हसले. म्हणाले, "राहू द्या अण्णा. येणारा जाणारा थांबतो, विचारतो, साहेब, पुढे काय होतं? मग मी सांगतो. पूर्वी कुणी पाटी वाचतसुद्धा नव्हतं."

कळलं ना? नाव गेलं, काम होतं तिथेच. उलट थोडं वाढलं.

आणि खिडकी? खिडकी झाली. साहेबांनीच रात्री बसून कॅलेंडरच्या पानामागे हिशेब मांडला, बीमची खोली वाढवली, सळई वाढवली, आणि अण्णांना खर्चाचा आकडा आधी सांगितला. मग स्लॅब टाकायचा दिवस आला. पहाटेपासून मिक्सर, पाट्या, बायाबापड्यांची रांग. भाचा लांब पिंपाजवळ उभा, बोलायला तोंड नाही. साहेबांनी त्याला हाक मारली, वर नेलं आणि खिडकीच्या कोपऱ्यावर उभं केलं.

म्हणाले, "पुढे काढलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, हे तू शिकलास. पाट्या टाकणारी माणसं तिच्यावर पाय देऊन तिला खाली दाबतात, हे तुला शिकवलं नसेल. सळई खाली बसली की खिडकीवरचा कोपरा आज ना उद्या खाली वाकणार. खिडकी तुझी आहे ना? मग इथं उभा राहा. एकाचाही पाय या सळईवर पडता कामा नये."

तो सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत तिथे उभा होता. भर उन्हात. कुणी आलं की हात आडवा. त्याची भाकरी मी वर नेऊन दिली. त्याने साहेबांकडे बघून आधी विचारलं, बसू का? साहेब म्हणाले, "सळई सोडून कुठंही बस."

आता समोरच्या काचेमागून मला खुणा सुरू झाल्यात. वेळ गोष्टीनेच खाल्ला. राहिलेलं भराभर सांगतो.

मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वादाचा निकाल दिला. प्रकरण उत्तर प्रदेशातल्या नोएडा प्राधिकरणाचं. तिथल्या 'असोसिएट आर्किटेक्ट' या पदावर नोंदणी नसलेली माणसंही बसू शकत होती. न्यायालय म्हणालं, कलम ३७ नोंदणी नसलेल्याला काम करायला बंदी करत नाही, ते नावाची राखण करतं. वकिलांचा आणि डॉक्टरांचा कायदा कामालाच बंदी घालतो, हा तसा नाही. पण पदाच्या नावात आर्किटेक्ट असेल, तर माणूसही आर्किटेक्टच हवा. नाहीतर पदाचं नाव बदला. म्हणजे आमच्या पेंटरचंच काम! तेहतीस-चौतीस वर्षं आधी झालेलं, अक्षरामागे पैसे घेऊन. नाव राखलंय, काम राखलेलं नाही.

त्याआधी, २०१९ मध्ये, आपल्या कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या खटल्यात परिषदेची सरशी झाली. आर्किटेक्चरच्या शिक्षणात शब्द वास्तुकला परिषदेचा, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा नाही, असं ठरलं.

इंजिनिअरांचं दुखणं वेगळंच. त्यांची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० ची जुनी संस्था, तिचे दोन प्रतिनिधी कायद्यानेच या वास्तुकला परिषदेवर बसतात. म्हणजे भांडण घरातलंच. पण आर्किटेक्ट ॲक्टसारखा देशभराचा कायदा त्यांच्यासाठी कधी झाला नाही. आर्किटेक्ट या शब्दाला राखणदार आहे, इंजिनिअर या शब्दाला नाही. मोटारगॅरेजवालाही इंजिनिअर आणि पंपवालाही. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत खाली पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या इमारती कोसळल्या. अशा वेळी लोक सळईचा हिशेब कुणी केला ते शोधतात, नकाशा किती देखणा होता ते कुणी विचारत नाही. इंजिनिअर म्हणतात, जोखीम आमची, मान त्यांचा. आर्किटेक्ट म्हणतात, पाच वर्षं शिकून नोंदणी आम्ही करायची आणि घरं कुणीही आखायची? माझ्या मते दोघांचंही खरं आहे, आणि दोघेही हे गिऱ्हाइकाला सोडून सगळ्यांना सांगतात.

शिवाय हल्ली तिसरा आलाय, वास्तूवाला. सरकारी मराठीत आर्किटेक्टला वास्तुशास्त्रज्ञ म्हणतात, म्हणून लोकांचा घोळ होतो. हा वास्तूवाला येतो, बांधून झालेलं स्वयंपाकघर आग्नेयेला हलवा म्हणतो आणि फी घेऊन जातो. त्याला नोंदणी नाही, कलम नाही, सळई नाही. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर एका गोष्टीवर भांडण सोडून एकत्र आले, तर ती हीच असावी.

घर बांधणाऱ्यांनी एवढं करा. समोरचा स्वतःला आर्किटेक्ट म्हणाला तर नोंदणी क्रमांक मागा. तो इंग्रजीतल्या सीए या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष असतं. चार्टर्ड अकाउंटंट समजून परत पाठवू नका, आमच्या शेजाऱ्यांनी पाठवलाय. आणि सळईचा हिशेब कुणाचा, सही कुणाची, हे स्लॅबच्या आधी विचारा. स्लॅबच्या आधी. नंतर नव्हे.

परवा ट्रंकेतून अण्णांच्या घराचा मंजूर नकाशा काढला. निळा रंग उडालाय, घड्यांवर फाटलाय. सही साहेबांची, खाली 'इंजिनिअर' एवढंच. आतेभावाचं नाव कुठेही नाही. खिडकीच्या कोपऱ्याजवळ मात्र पेन्सिलीने, त्याच्या त्या जे. जे. च्या वळणदार अक्षरात, दोन शब्द आहेत: सळई वर.

नमस्कार.