पन्ना: खड्यांतून हिरा निवडताना

गुडघाभर गढूळ पाण्यात दोघं जण पायांनी खडी तुडवतायत. चिखल सुटा व्हायला हवा, म्हणून. पन्न्यात या खडीला ‘चाल’ म्हणतात.

बाजीराव-छत्रसालाच्या गोष्टीतलं हेच ते पन्ना, मध्य प्रदेशातलं. इथल्या सरकारी हिरा कार्यालयात थोडी फी भरली, की 8 बाय 8 मीटरचा पट्टा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता खणायला जमिनीचा तुकडा, मिळतो. मग कुदळ, फावडं, घमेलं घ्यायचं आणि खणायला लागायचं. चाल कुठे वरच लागते, कुठे तीस फूट खाली. तोवर नुसती माती उपसायची.

धुतलेली चाल चाळून उन्हात पसरतात. वाळली की उकिडवं बसून, तांदूळ निवडावेत तशी बोटांनी निवडतात. फक्त आपण तांदळातून खडा काढतो, इथे खड्यांतून तांदूळ काढायचा असतो! त्यात कच्चा हिरा काही लखलखत नाही. तेलाचा हात लागलेल्या काचेसारखा दिसतो. नवखा माणूस सरळ टाकून देईल.

जवळच मझगवाँला एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीची यांत्रिक खाण आहे. तिथे नदीची खडी नाही, प्राचीन ज्वालामुखीची नळीच आहे. सुरुंग लावायचे, खडक डंपरने आणायचा, भरडायचा. शंभर टन खडकात हिरे सरासरी दहा कॅरट, म्हणजे दोन ग्रॅम. भरड मग जड द्रवात सोडतात. हलके खडे तरंगतात, हिरा तळाशी जातो. पुढे क्ष-किरण पडले की हिरा चमकतो आणि हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याहून साधी युक्ती निघाली होती. टेबलाला ग्रीस फासायचं आणि वरून पाण्याबरोबर खडी सोडायची. ओले दगड घसरून जातात. हिऱ्याला पाणी धरत नाही, तो ग्रीसला चिकटतो.

पट्ट्यात हिरा सापडला, तर तो हिरा कार्यालयातच जमा करावा लागतो. पारखी तो तोलतो, पुढे लिलाव होतो आणि रॉयल्टी कापून उरलेले पैसे पट्टाधारकाला मिळतात. 1961 साली इथे 44.55 कॅरटचा हिरा निघाला होता. नऊ ग्रॅमही नाही, पण त्याचं नाव अजून निघतं.

बाकी बहुतेकांची मुदत अशीच संपते. खड्डा राहतो, आणि शेजारी नवा पट्टा आखला जातो.